गॅस कमी नव्हताच

प्रिय मास्तरीणबाई,

तू तुझ्या ताईकडे जाऊन आज पाच दिवस झाले. या पाच दिवसांत आपण फोनवर रोज बोललो, पण मी एकदाही धड बोललो नाही. तुझा खोकला, ताईच्या घरातला गळका नळ, माझा डबा, कुंड्यांना पाणी घातलं का, संपलं. कुंड्यांना पाणी घातलंय, तेवढं खरं होतं. आज मी सुट्टी काढलीय, मोबाईल आईच्या खोलीत ठेवून आलोय आणि तुझ्या कपाटातले परीक्षेचे कोरे कागद घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय. सगळं लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय. हस्ताक्षराला हसू नकोस, मशिनच्या पत्र्यावर मार्करने तारीख टाकण्यापलीकडे या हाताला लिहायची सवय राहिलेली नाही. सोमवारी तिकडच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाई तुझं दुर्बिणीचं ऑपरेशन करतायत आणि त्याच्या आत हे तुझ्या हातात पडायलाच हवं. म्हणून आमच्या शीतगृहाच्या गाडीवरच्या ड्रायव्हरकाकांना सांगून ठेवलंय. ते आज संध्याकाळी माल घेऊन तिकडे निघतात, उद्या सकाळी ताईच्या दारात आणून देतील.

सुरुवात तीन नंबरच्या खोलीपासून करतो, कारण गाडी घसरली ती तिथेच. दोन वर्षांपूर्वी आमच्या शीतगृहात त्या खोलीतली फळं सडली होती आणि साहेबांनी सगळ्यांच्या देखत माझ्याकडे बोट दाखवलं होतं. मशिन माझं, म्हणजे चूक माझी. चौकशी संपेपर्यंत नोकरी राहते की जाते याचा पत्ता नव्हता. नऊ दिवस मी त्या खोलीत बूड टेकलं नाही. कॉम्प्रेसर ठणठणीत, गॅस पुरेसा, पंखे फिरतायत, तरी मशिन मधूनच बंद पडायचं. नवव्या दिवशी उलगडा झाला. हमालांनी बर्फाच्या पेट्या नेमक्या थर्मोस्टॅटला चिकटून रचल्या होत्या. थर्मोस्टॅटला वाटायचं, वा, खोली छान गार आहे, आणि तो मशिनला सांगायचा, बस्स, थांब आता. मशिन बिचारं आज्ञाधारक, थांबायचं. आणि तिकडे मागच्या भिंतीशी फळं उकडून मरत होती. मी घरी येऊन वाट्या आणि पेले मांडून तुला हे दाखवलं होतं, आठवतं? तू म्हणाली होतीस की उद्यापासून माझ्या वर्गावर तूच जा. मी आठवडाभर हवेत होतो.

पण त्या नऊ दिवसांतच आपल्या खोलीत ते पहिल्यांदा झालं. म्हणजे झालं नाही. दमला आहेस, झोप, एवढंच म्हणालीस आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपूनही गेलीस. इतकं बरोबर निदान नंतर माझं कुणी केलं नाही, पण मला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. पुढच्या वेळी मी तुझ्याजवळ नव्हतोच गं, मी स्वतःवर पहारा देत बसलो होतो. आता होतंय का, अजून होत नाही, आता तरी? असा पहारा ठेवल्यावर काय डोंबल होणार होतं? मग मी कारणं शोधायला लागलो. कधी डोकं दुखतंय, कधी उद्या लवकर जायचंय. तू आधी हसत होतीस, मग विचारत होतीस, मग तू विचारणंही सोडलंस. तुला वाटलं माझं मन उडालं. एकदा तू आरशासमोर उभी राहून विचारलंस की मी जाड झालेय का, आणि मी नाही म्हणालो ते वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता. त्या सकाळीच तुला सगळं सांगायला हवं होतं. मी घाबरलो होतो, बास. बाकी काही नव्हतं.

तुला माहीत आहे, आमच्या धंद्यातल्या एका जातीच्या मिस्त्रीचा मला भयंकर राग येतो. कुठलंही मशिन नीट गार करत नाही म्हटलं की तो कशाला हात लावत नाही, काही मोजत नाही, थेट गॅस भरतो. गॅस कमी झालाय, म्हणे. आणि जास्तीच्या गॅसने चांगला कॉम्प्रेसर जाळून ठेवतो. असल्यांना मी तोंडावर गाढव म्हटलंय. तर बाई, मी तेच गाढव निघालो. मला वाटलं माझ्यातलंच काहीतरी कमी झालंय, भरलं की काम होईल. तपासणी नाही, डॉक्टर नाही, काही नाही. शीतगृहामागच्या व्यायामशाळेतला तो पैलवान ठाऊक आहे ना तुला, ज्याची मान दिसत नाही म्हणून तू हसायचीस? त्याने दर पंधरा दिवसांनी कमरेत एक इंजेक्शन घ्यायला सांगितलं. ताकदीचं आहे, पुरुषांचं हार्मोन आहे, सगळे घेतात, महिन्याभरात वाघ होशील. मी चौदा महिने ते घेतलं.

तू मला विचारलं होतंस. कमरेवर गाठ आली होती तेव्हा मी पाठीसाठी व्हिटॅमिनचं इंजेक्शन घेतो म्हणून ठोकून दिलं. तू गरम पाण्याची पिशवी घेऊन तासभर शेकत बसलीस. वर म्हणालीस की औषध देणाऱ्याचा हात जड दिसतो, दुसरीकडे जा. मी उशीत तोंड खुपसून पडलो होतो आणि तू माझ्या खोटेपणाला शेक देत होतीस. मला त्या दिवसाची सगळ्यात जास्त लाज वाटते. चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, सदतिसाव्या वर्षी, तर तू तुझं क्रीम दिलंस. चिडचिड वाढली ती तू कामाच्या नावावर खपवलीस. आणि खरं सांगायचं तर इंजेक्शनने खांदे भरले, अंगात रग आली, आपलं सगळं बऱ्यापैकी सुरूही झालं. मी मनातल्या मनात पैलवानाचे पाय धरले. मशिन चालू झालं ना, मग झालं तर!

मूल हवं असं आपण ठरवलं ते त्याच वर्षी. महिने जात राहिले आणि घरातल्या नजरा तुझ्यावर यायला लागल्या. आईच्या आधी, मग सगळ्यांच्या. आई वाईट नाही, तुलाही ते माहीत आहे, पण तिची जीभ तिच्या ताब्यात नाही. तू डॉक्टरीणबाईंकडे जायला लागलीस. त्यांनी पहिल्याच दिवशी नवऱ्याची तपासणी आधी करा म्हणून सांगितलं होतं, ती सगळ्यात सोपी असते म्हणून. मी तुला आठवड्याने सांगितलं की केली, नॉर्मल आहे. मी केली नव्हती. करायची गरजच काय, मी तर वाघ झालो होतो! तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास आणि पुढे निघालीस. रक्त किती वेळा दिलंस ते मी मोजलेलं नाही. मग ती गर्भपिशवीत रंगाचा द्राव सोडून एक्सरे काढायची तपासणी झाली. मी बाहेर तुझी पर्स मांडीवर घेऊन बसलो होतो, समोर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं चित्र होतं, ते मला अजून पाठ आहे. तू बाहेर आलीस तेव्हा खालचा ओठ दातांनी फुटला होता. स्कूटरवर तू मला घट्ट धरून बसलीस आणि म्हणालीस की एवढं तरी बरं, तुझं सगळं ठीक आहे. मी ते ऐकलं आणि स्कूटर चालवत राहिलो.

आता दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी त्या बाईंनी माझा कागद मागितला. नुसतं तोंडी नको, कागद आणा. तू मला दोनदा आठवण केलीस आणि मी छातीठोकपणे लॅबमध्ये गेलो. खरंच सांगतो, घाबरून नाही, ऐटीत गेलो. कागदावर शुक्राणूंच्या पुढे शून्य होतं. कमी नाही, शून्य. मी खिडकीवरच्या माणसाला म्हटलं की तुमची बाटली बदलली असेल. त्याने शांतपणे दुसरी तारीख दिली. दुसऱ्या कागदावरही शून्य आलं. लॅबमधूनच मला हार्मोनच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं. मला वाटलं एखादा म्हातारा, जाड चष्म्याचा माणूस असेल. तर तिथे एक बाई, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, केस वर बांधलेले, टेबलावर अर्धा संपलेला चहा. मी दार उघडून परत बंद केलं. तिने आतून हाक मारली की या, मी चावत नाही.

तिने जे विचारलं ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सांगितलं. सकाळी उठताना होतं का? तेव्हा होत होतं का, दोन वर्षांपूर्वी, सगळं बिघडलं तेव्हा? हो, म्हटलं, सकाळी व्हायचं. मग तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली की म्हणजे तेव्हा तुमच्यात काही बिघाड नव्हताच. तिने मला जे समजावलं ते तुला जसंच्या तसं सांगतो, कारण तू शिकवणारी आहेस आणि मला हे नीट कळलंय की नाही ते तूच सांगू शकशील. म्हणाली, आपल्या अंगात दोन प्रकारच्या नसा कामाला असतात. एक निवांतपणाच्या, मणक्याच्या पार खालच्या टोकाकडून निघणाऱ्या. त्या रक्तवाहिन्या सैल करतात, रक्त भरतं, आणि पुरुषाचं ते काम होतं. दुसऱ्या धोक्याच्या. संकट आलं की त्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त हातापायांकडे पळवतात, लढ नाहीतर पळ. शरीराला साहेबाची चौकशी आणि अंगावर येणारा बैल यांतला फरक कळत नाही. नोकरीची भीती होती तेव्हा धोक्याच्या नसा चालू होत्या. आणि नंतर, मी पलंगावर पहारा द्यायला लागलो, तेव्हा तो पहाराच धोका झाला. झोपेत पहारेकरी झोपायचा, म्हणून सकाळी सगळं ठीक असायचं. इतकं साधं होतं ते. थोडी विश्रांती, थोडं बोलणं, बायकोला विश्वासात घेणं, एवढ्याने कदाचित सुटलं असतं, असं ती म्हणाली. बायकोला विश्वासात घेणं म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा कॅलेंडरकडे बघितलं.

मग इंजेक्शनाचं विचारलं. मी नाव सांगितल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला, खरंच मारला. म्हणाली, मेंदूच्या तळाशी एक वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पिट्युटरी. ती मेंदूच्या सांगण्यावरून खाली अंडकोषांना निरोप धाडते की टेस्टोस्टेरॉन बनवा, शुक्राणू बनवा. बनलेलं टेस्टोस्टेरॉन रक्तातून फिरून वर जातं, मेंदू ते बघत असतो. भरपूर दिसलं की तो निरोप कमी करतो, कमी दिसलं की वाढवतो. आणि तुम्ही, ती म्हणाली, बाहेरून एवढं ओतलंत की… तिला मी पुढे बोलू दिलं नाही. मी म्हटलं, थांबा, मला कळलं. मेंदूला वाटलं खोली गार आहे. त्याने मशिन बंद केलं. ती म्हणाली, कसली खोली? मग मी तिला तीन नंबरची खोली सांगितली. बर्फाच्या पेट्या सांगितल्या. सांगता सांगता माझा आवाज फुटला आणि मी त्या बाईसमोर, अर्ध्या चहासमोर, हमसून हमसून रडलो. ज्या चुकीसाठी मी हमालांच्या बापाचा उद्धार केला होता, तीच मी स्वतःच्या अंगात चौदा महिने दर पंधरा दिवसांनी नेमाने करत होतो. बाहेरून सगळं गार, आणि मागच्या भिंतीशी फळं मरतायत. तिने पाणी दिलं आणि म्हणाली की हे उदाहरण ती आता इतरांना सांगणार आहे.

इंजेक्शन बंद करून आज पाच आठवडे झाले. दुसऱ्याच दिवशी मी उरलेल्या बाटल्या घेऊन पैलवानाकडे गेलो. तिथे तीन-चार जण वजनं उचलत होते, त्यांच्यासमोर मोठ्याने सांगितलं की याने मला काय झालंय, शून्य म्हणजे किती, आणि ज्यांना बाप व्हायचंय त्यांनी ऐका. पैलवान मला गप्प करायला धावला. मी गप्प झालो नाही. सध्या माझी अवस्था वाईट आहे, ते तू बघितलं आहेस. अंग गळून जातं, मन लागत नाही, मागच्या आठवड्यात साबणाच्या जाहिरातीला डोळे भरून आले. तुला मी जवळ घेत नव्हतो ते याचमुळे, तुझ्यामुळे नाही. डॉक्टर म्हणाली की बंद पडलेलं मशिन जागं व्हायला वेळ लागतो. सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त. बहुतेकांचं परत येतं, हमी कुणालाच देता येत नाही. लागलं तर औषधं आहेत, ती तिच्या देखरेखीखाली. दर तीन महिन्यांनी तपासणी. मी एकही चुकवणार नाही. कितीही गळून गेलो तरी पुन्हा त्या सुईकडे जाणार नाही. हे मी ठरवलंय आणि ते होणार.

आता सगळ्यात वाईट राहिलंय. हे कळून पाच आठवडे झाले, आणि मी तुला सांगितलं नाही. मागितलेला कागद ऑपरेशनला येताना आणतो म्हणून तुला झुलवत ठेवलं. तुझी बॅग मीच रिक्षात ठेवली. रोज ठरवायचो, आज सांगतो, आणि डबा उचलून कामाला निघून जायचो. एवढ्यावरही थांबलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण मागच्या मंगळवारी मी कामावरून आलो तेव्हा आई जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंशी बोलत होती. म्हणत होती की आमच्या मुलात काही दोष नाही, तपासून झालंय, तिच्यातच काहीतरी आहे, आता ऑपरेशन करतायत, बघू. शून्याचे दोन्ही कागद माझ्या शर्टाच्या खिशात होते. मी काय केलं असेल? मी आल्या पावली खाली गेलो आणि स्कूटरच्या चाकात हवा बघत बसलो. हवा भरपूर होती. तिथे उकिडवा बसलेलो असतानाच मला माझी शिसारी आली. शून्य आलं त्याची नाही, ते अज्ञान होतं. जिन्याखाली बसलो त्याची.

सोबत चार कागद जोडले आहेत. लॅबचे दोन, हार्मोनच्या रक्ततपासणीचा एक आणि त्या डॉक्टरची चिठ्ठी. ते सोमवारच्या आधी तुझ्या डॉक्टरीणबाईंना दाखव. ऑपरेशन करू नकोस असं मी म्हणत नाही, तो अधिकार मी पहिल्या सुईलाच घालवला. त्या कदाचित म्हणतील थांबू, कदाचित म्हणतील तरीही बघू. तुझं अंग आहे, तू ठरव. पण टेबलावर झोपण्याआधी सगळे कागद तुझ्या हातात असले पाहिजेत. रविवारी दुपारी मी तिकडे पोहोचतोय. माझं तोंड बघायचं नसेल तर ताईला सांग, मी कोपऱ्यावरच्या बाकावर बसेन. माफी मागायला येतोय, मिळेल असं धरून येत नाहीये.

आता हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, ते ऐक. मी तुला ओळखतो. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, भांडली असतीस आणि मग सगळं पोटात घातलं असतंस. आईला कळू दिलं नसतंस, ताईलासुद्धा नाही. माझी अब्रू झाकायला तू जन्मभर स्वतः वांझ म्हणवून घेतलं असतंस, आणि मी तुला ते करू दिलं असतं, कारण मी तसा आहे. म्हणून हे लिहिलं, माझ्या अक्षरात, खाली सही करून. हे तुझ्या एकटीसाठी नाही. ताईला वाच म्हणावं, तिच्या घरच्यांना वाच म्हणावं, जो कुणी तुझ्याकडे त्या नजरेने बघेल त्याच्या हातात दे. आणि हे माझ्याच्याने खरंच होतंय का ते बघायला मी मघाशी ठरवलेलं मोडून उठलो, आईच्या खोलीत गेलो आणि इथवरचं सगळं तिला उभ्याने वाचून दाखवलं. पलंगावरचंसुद्धा, जिन्यातलंसुद्धा. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. अर्ध्यात तिचा हात थांबला. वाचून झाल्यावर तिने चप्पल घातली आणि ती खाली गेली. पाव तासाने परत आली, पेन मागितलं आणि म्हणाली की तुझी सही झाली की कागद इकडे दे.

तुझाच,
मिस्त्री

पोरी, मी सगळं ऐकलं. दोष माझ्या मुलाचा आहे आणि बोलणं माझं होतं. जिन्यात जिला सांगितलं होतं तिला आत्ता जाऊन खरं सांगून आले. बाकीच्यांना उद्या सांगते. तू ताठ मानेने ये.
आई